जाळीबाहेर चपला नव्हत्या

नवऱ्याच्या बदलीने चेन्नईत आले त्याला सहा वर्षं झाली. त्यातली चार मी जमिनीखालच्या टाकून दिलेल्या लष्करी जागा शोधण्यात आणि त्यांचे फोटो काढण्यात घालवली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्बच्या भीतीने बांधलेली तळघरं, मग सगळ्यांच्या विस्मरणात गेलेली. वाचताना हे शूर वाटेल. प्रत्यक्षात मी पहिल्याच पायरीवरून दोनदा मागे वळून बघते. नवरा संरक्षण खात्याच्या कारखान्यात, आणि त्याने मला बजावून ठेवलं होतं, "कॅमेऱ्यासकट कुठे सापडलीस तर चौकशी माझी होईल. नोकरीवर बेतेल." जागा पडीक असली तरी कागदोपत्री कुणाची, हे कुणालाच सांगता येत नाही. मी मान डोलवायचे आणि रविवारी बाहेर पडायचे.

सोबतीला एक काका असायचे. तंजावरकडचे मराठी, इथल्याच तिरुवल्लिकेणी भागात राहणारे, गणिताचे निवृत्त मास्तर, सत्तरी ओलांडलेले. युद्धात शहर रिकामं झालं तेव्हा त्यांच्या आईला लहानपणी तंजावरला पाठवलं होतं. आजोबा नोकरीसाठी मागे राहिले आणि भोंगा झाला की अशाच कुठल्यातरी तळघरात जाऊन बसायचे. ते तळघर काकांना बघायचं होतं. माझ्या पुणेरी बोलण्याला ते 'पेपरातली मराठी' म्हणायचे, आणि मला ते मुळीच आवडायचं नाही.

गेल्या फेब्रुवारीत जॉर्ज टाउनमध्ये एका बंद गोदामामागे त्यांना एक जिना सापडला. तोंडाशी लोखंडी जाळीचं दार, उघडंच होतं. वरच्या पायरीलगत कुणीतरी देवीचा दगड मांडला होता, हळदकुंकू लावलेला, पुढे पणती. आसपास कुणी नव्हतं. देवी म्हटल्यावर आमच्या दोघांच्याही चपला आपोआप निघाल्या. मग माझ्या डोक्यात आलं की बाहेर चपला दिसल्या म्हणजे आत माणसं आहेत हे येणाऱ्याजाणाऱ्याला कळणार. मी दोन्ही जोड उचलून कॅमेऱ्याच्या पिशवीत कोंबले. स्वतःच्या हुशारीवर मी खूशही झाले.

खाली लांबट, बुटकी खोली होती. भिंतीलगत विटांचे ओटे, पायाखाली गार ओल. आमची कामाची पद्धत ठरलेली होती. कॅमेरा तिकाटण्यावर लावायचा, शटर वीस सेकंद उघडं ठेवायचं आणि तेवढ्यात काकांनी टॉर्च भिंतीवरून सावकाश फिरवायचा. हात स्थिर पाहिजे. फळ्यावर आयुष्यभर वर्तुळं काढलेला त्यांचा हात तसा होताही. तिसरा फोटो चालू असताना वर लोखंड वाजलं, मग कुलूप.

"दार लाविले की काय?" काका म्हणाले.

मी जिन्यापर्यंत गेले. जाळी बंद होती. फोनला रेंज नव्हती. हाक मारली असती तर कुणीतरी नक्की आलं असतं, आणि त्याच्यामागे गर्दी. मग कॅमेरा, ओळखपत्र, नवऱ्याचं नाव, त्याचा कारखाना. हे सगळं माझ्या डोळ्यांपुढे इतक्या भराभर आलं की मी तोंड मिटून परत फिरले आणि म्हणाले, "थोडं थांबू या काका. ती बाई येईलच परत." कोण बाई, हे मलाही माहीत नव्हतं.

"सेरि," ते म्हणाले. ठीक आहे. त्यांनी टॉर्च पुन्हा उचलला.

त्यांच्याकडे बघायला लागू नये म्हणून मी आणखी दोन फोटो घेतले. दुसऱ्यात भिंतीवरची उजेडाची रेघ थरथरलेली आहे. ते ओट्यावर बसले, शर्टाचं वरचं बटण काढलं, आणि त्यांचा श्वास मला ऐकू यायला लागला. शिट्टीसारखा बारीक. मी घड्याळ बघत होते. अजून पाच मिनिटं, असं मी चारदा ठरवलं. ते ओट्यावर आडवे झाले तेव्हा कुठे मी धावत जिना चढले आणि जाळी हलवून ओरडले.

आली ती खरंच एक बाई होती, कोपऱ्यावर हार विकणारी. देवीची पूजा तीच करायची आणि दुपारी कुलूपही तीच लावायची. काकांना वर आणून सावलीत बसवलं, तिने पाणी दिलं आणि माझ्यावर तमिळमध्ये तोंड सोडलं. "चेरुप्पु एंगेम्मा?" चपला कुठे होत्या? रोज कुलूप लावण्याआधी ती चपला बघते. असल्या तर थांबते. कॅमेऱ्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

डॉक्टरने काकांना दम्याचं औषध देऊन घरी पाठवलं. मी त्यांना पोचवून घरी आले आणि नवऱ्याला सगळं सांगितलं. कुलूप, अंधार, त्यांचा तो श्वास. तो जेवता जेवता थांबला आणि म्हणाला, "त्या हारवालीने तुझं नाव विचारलं का?"

मी इतकी भडकले की हातातला डाव ओट्यावर आपटला. म्हाताऱ्या माणसाचा जीव जायची वेळ आली होती आणि याला नावाची काळजी. तसं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि डाव उचलून धुवायला घेतला. वीस मिनिटं खाली बसून मी दुसरी कसली काळजी करत होते?