मंदाकिनीबाई आणि सतरावं पत्र

संपादक मंडळींनी मंदाकिनीबाईंच्या गौरवग्रंथासाठी दिवाळीच्या आधी माझ्याकडे लेख मागितला होता. आता होळी होऊन गेली. एवढा उशीर झाला त्याबद्दल आधी माफी मागतो. आजारी नव्हतो, कागद-पेनही घरात होतं. चार वेळा लिहायला बसलो, चारही वेळा सगळं चांगलं चांगलं लिहिलं आणि फाडलं, कारण खरी गोष्ट त्यात येत नव्हती. माझं शिक्षण सातवीपर्यंत. शुद्धलेखन चुकलं असेल तर मंडळींनी सुधारावं, मजकूर मात्र बदलू नये ही विनंती.

मंदाकिनीबाईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांची माझी पहिली भेट गिरणी संपाच्या दुसऱ्या वर्षी झाली. मी डिलाईल रोडच्या एका गिरणीत विणकर होतो. साचे, म्हणजे माग, बंद पडले आणि मी घरी बसलो. गिरगावातल्या एका ग्रंथालयात शिपाई हवा असं कळलं म्हणून गेलो. बाई तिथे ग्रंथपाल होत्या. त्यांच्या टेबलाशेजारी एक ट्रंक उघडी होती आणि आत जुनी पत्रं होती. अमेरिकेतल्या एका शेतकरी घरातली, तिथे इंग्रजांचं राज्य होतं तेव्हापासून त्यांच्याशी लढाई होऊन संपली तोपर्यंतची. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची. त्या घराण्यातले एक म्हातारे मास्तर भायखळ्याला राहत. ते वारले आणि ट्रंक ग्रंथालयात आली.

मी न विचारता एक पान उचलून खिडकीकडे धरलं.

"अहो, हात नका लावू!" बाई ओरडल्या.

"बाई, हा कागद नाय. कापड हाय हे."

"काय?"

"चिंध्या कुटून केलेला हाय. धागा बघा ना, दिसतो."

बाईंनी चष्मा लावून बघितलं आणि हसल्या. म्हणाल्या, "हे मला पुस्तकं वाचून कळलं. तुम्ही उभ्याउभ्या सांगितलंत. उद्यापासून या."

झाडूपोछा करायला गेलेल्या माणसाला बाईंनी पत्रं दुरुस्त करायला बसवलं. मैद्याची पातळ खळ करायची, फाटलेल्या जागी झिरझिरीत कागद चिकटवायचा. ताण्याच्या सुताला खळ लावतात ती मी गिरणीत पाहिलेली होती, त्यामुळे हात बसला. मी चिकटवत असताना बाई पत्र मराठीत सांगत. त्या घरातल्या बायकांनी इंग्रजांचं कापड घ्यायचं नाही असं ठरवलं होतं आणि घरीच सूत काढून विणत होत्या. दोन भावांपैकी एक राजाच्या बाजूचा, दुसरा विरुद्ध. दोघांत बोलणं नाही, निरोप आईकडून जायचे.

"एका घरात दोन पक्ष," बाई म्हणाल्या.

"आमच्या चाळीत बी तेच, बाई. माझा चुलतभाऊ संप मोडून कामावर गेला. त्याच्या बायकोशी नळावर कोण बोलत नाय."

"तुमच्या घरातलं कोण बोलतं?"

मी घरी जाऊन बायकोला ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोने तिच्याशी बोलणं सुरू केलं. बाईंनी उपदेश केला नव्हता, फक्त विचारलं होतं. त्यांची रीत हीच.

त्याच पत्रांवरून बाईंच्या मनात आलं की आपल्याकडच्या माणसांचीही पत्रं राखली पाहिजेत. संपात कितीतरी कुटुंबं कोकणात परत गेली आणि चाळ व गाव यांच्यात पत्रांची ये-जा वाढली. रविवारी बाई आमच्या चाळीच्या खोल्याखोल्यांतून फिरायच्या. "पत्रं फेकू नका, मला द्या." लोक हसायचे. आमच्या शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, माज्या पत्रात काय आसतला? म्हस व्याली, भात लावलो, तू कदी येतंस. इतक्याच." बाई म्हणाल्या, "आजी, अमेरिकेच्या त्या पत्रांतही एवढंच आहे. गाय व्याली, पोरगा कधी येतो." म्हातारीने उशीच्या अभ्र्यातून सगळी चवड काढून दिली. आज जो गिरणगाव पत्रसंग्रह आहे, तो असा उशी-डब्यांतून जमलेला आहे.

माझी बायको रुग्णालयात होती तेव्हा बाई आमच्याबरोबर पाळी लावून तिच्याजवळ बसल्या. घरी आल्या तेव्हा आम्ही संकोचाने जेवणात मासे केले नाहीत. पानाकडे बघून म्हणाल्या, "मी गिरगावातली आहे, भटीण नव्हे. बांगडा कुठाय?"

हे सगळं खरं आहे आणि आणखी पुष्कळ आहे. पण ज्यासाठी लिहायला बसलो ते आता लिहितो.

एकदा ग्रंथालयात रंगकाम निघालं. पत्रं बाहेर न्यायची नाहीत असा विश्वस्तांचा नियम होता. तरी ओलीला लागतील म्हणून बाईंनी एक पुडकं स्वतःच्या जबाबदारीवर माझ्याकडे दिलं. आई आणि लढाईवर गेलेला मुलगा यांच्या पत्रांचं ते पुडकं, एक ते वीस आकडे घातलेलं, त्यातली सोळा वाचून झालेली. मी ते घरी फळीखाली दाबून ठेवलं. दुपारी बायकोने बघितलं.

"आवो, ह्या पत्राचो कोनो फाटलेलो आसा! चेडू बाळंतपणाक इला हा, आणि ह्या घरात ठेवतास?"

आमच्याकडे कोणी वारल्याचं कळवायचं तर कार्डाचा कोपरा फाडून धाडतात. असं पत्र उंबऱ्याबाहेर वाचायचं, तिथेच फाडायचं आणि आंघोळ करायची. घरात ठेवायचं नाही. मला इंग्रजी येत नाही. मुलगा लढाईवर आणि कोपरा फाटलेला, मी समजलो की मेल्याचंच पत्र. मुलीचे दिवस भरलेले. बाईंना विचारता आलं असतं. बाहेर गॅलरीत ठेवता आलं असतं. मी ते फाडून मोरीत सोडलं आणि डोक्यावरून पाणी घेतलं.

पुडकं परत दिलं तेव्हा बाईंनी मोजलं. सतरावं नव्हतं. मी म्हणालो, "जसं दिलंत तसं आणलं." बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही.

आठवड्याने त्यांनी अठरावं वाचायला घेतलं. आईने आपल्या बहिणीला लिहिलेलं. "त्याचं पत्र आल्यापासून मी चोळीत ठेवते. रोज काढून वाचते, कोपरा झिजून गेला. त्याचा पाय गेला, पण तो जिवंत आहे." मग बाई म्हणाल्या, "चोळी हा आपला माझा शब्द हं. पण हेच ते सतरावं असणार." माझ्या हातातल्या कुंचल्यावरची खळ वाळून गेली. तेव्हाही मी बोललो नाही.

वर्षअखेरीच्या तपासणीला विश्वस्तांच्या अध्यक्षांनी विचारलं, "पुडकं कोणाकडे होतं?" मी चहाचा ट्रे घेऊन तिथेच उभा होतो. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे. माझ्या हातून गेलं." त्यांच्याकडून ट्रंकेची किल्ली काढून घेतली. भाषांतराचं काम अर्ध्यावर थांबलं. नवे अध्यक्ष येऊन किल्ली परत मिळेपर्यंत कित्येक वर्षं गेली, आणि तेवढी वर्षं मी त्यांच्यासमोर टेबल पुसत होतो. त्यांना खरं माहीत होतं का, हे मला आजवर कळलेलं नाही.

पुढे त्या पत्रांच्या भाषांतराचं पुस्तक झालं. त्याच्या प्रस्तावनेत वाक्य आहे, "सतरावे पत्र माझ्या निष्काळजीपणामुळे गहाळ झाले." खाली बाईंची सही. ते पुस्तक बाईंनी मला नाव घालून दिलं. पुढे "दुरुस्ती" म्हणून माझं नाव छापलेलं आहे. मी ते कोणाला दाखवत नाही.

पंचाहत्तरीच्या समारंभात त्या पुस्तकाची नवी आवृत्ती निघणार असं मंडळींच्या पत्रात वाचलं. ते वाक्य पुन्हा छापू नका. तिथे लिहा की पत्र शिपायाने फाडलं आणि तो खोटं बोलला. माझं नाव घाला. बाईंना विचाराल तर त्या म्हणतील राहू दे, म्हणून त्यांना न विचारता बदला. गौरवग्रंथात असलं लिहू नये असं काहींना वाटेल. पण बाई कशा आहेत हे सांगायला माझ्याकडे याहून मोठी गोष्ट नाही.

बाईंचे डोळे शेवटपर्यंत वाचते राहोत, गुडघे जिना चढते राहोत आणि त्यांच्या वाट्याला पुष्कळ वर्षं येवोत. आमच्यासारख्यांनी त्यातली बरीच आधीच खर्ची घातली आहेत.

माझं वय झालं आहे. फोन नातवाकडे असतो, त्याला निरोप सांगायचं भान नसतं. म्हणून कार्डच टाका. आवृत्ती छापायला गेली का, ते वाक्य बदललंत का, आणि समारंभाला मी यावं की येऊ नये, एवढं कृपा करून लवकर कळवा.