हाफटाइमची बादली

दुष्काळाचं वर्ष होतं आणि आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमच्या वाट्याला नेमकं तेच आलं. मैदानावर गवताची काडी नाय. पडलं की गुडघा सोलवटायचा, त्यावर हळद दाबायची आणि दुसऱ्या दिवशी परत तिथंच पडायचं. हरलो तर इतके, की फळ्यावर निकाल लिहायचंही शिपायानं सोडून दिलं. मी बॅक खेळायचो. लासूर स्टेशनहून शिकायला आलेलो, फुटबॉल शहरात येऊनच पाहिला. पाय दणकट दिसले म्हणून घेतलं.

खरा खेळाडू एकच, आमचा कॅप्टन. औरंगाबादच्याच एका गल्लीतला मुसलमान पोरगा. विद्यापीठाच्या टीममध्ये निवड झाली तर पोलिसात नोकरी लागेल, असं त्याला कुणीतरी सांगून ठेवलेलं. नाय झाली, तर मामाच्या सायकल दुकानात बसायचं. घरी तसं ठरलंच होतं.

निवड करणारे सर आमच्या नांदेडच्या मॅचला येणार होते. रमजान चालू होता. टीममधले निम्मे मुसलमान, आणि आमच्यात एक रिवाज पडून गेलेला: रोजेवाल्यांसमोर बाकीच्यांनी पाणी प्यायचं नाय. कुणी ठरवलं नव्हतं, त्यावर कुणी कधी बोलतही नव्हतं. नांदेडला सकाळी आम्ही त्यांना चुकवून लांबच्या गल्लीत पोहे खाऊन आलो.

ऊन असलं, की डोळ्यांपुढं अंधारी यावी. हाफटाइमला तिथल्या पोरांनी भरलेली बादली आणि पेला आणून ठेवला. कुणी हात लावला नाय. कॅप्टननं एकदा बादलीकडं पाहिलं, एकदा आमच्याकडं, आणि बुटाची नाडी बांधत बसला. बिचाऱ्याचा जीव कासावीस झालाय, असं मला वाटलं. शेवटी शेवटी पेनल्टी मिळाली. त्यानं मारलेला चेंडू घरंगळत गोलकीपरच्या हातात गेला आणि तो पोटरी धरून खाली बसला. गोळा आला होता. निवडवाले सर उठून गेले.

परतीच्या गाडीत, ऊन अजून खिडकीतून येत असताना, कॅप्टननं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"अरे, रोजा?" मी म्हणालो.

"सफर में माफ है. बाद में रख लेंगे. अम्मी बोली थी." बाजूला बसलेल्या बाकीच्या मुसलमान पोरांनीही माना हलवल्या. त्या दिवशी त्यांच्यातल्या एकाचाही रोजा नव्हता.

"मग हाफटाइमला का नाय पिलास, बाबा?"

"तुम लोगां मेरे वास्ते प्यासे बैठे थे," तो पोटरी चोळत म्हणाला. "कैसा बोलता, के मैं खाना खाको आया?"

मला त्याचा राग आला, आमचाही आला, आणि आमच्या सगळ्यांच्या या चांगुलपणाचा तर लईच आला.

निवड झाली नाय. तो दुकानात बसला. वर्षभर मी तो रस्ता टाळला. पुढच्या रमजानात चाक पंक्चर झालं म्हणून जावंच लागलं. भर दुपार होती. त्यानं चाक खोललं, हात पुसले, आत जाऊन पाण्याचा गिलास आणला आणि माझ्यापुढं धरला.

"पी. मेरा रोजा है, तेरा तो नै."

तो बघत उभा होता, म्हणून सगळं प्यालो.