न काढलेली पट्टी

"मावशी, तुम्हाला हार्ट अटॅक आलाय," नांदेडचे डॉक्टर म्हणाले. त्यांच्या हातात ईसीजीची, गुलाबी कागदाची लांब पट्टी होती. "दुखायला कधी लागलं?"

"सकाळी आठला."

भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजत आले होते. "मग इतका वेळ कुठं होता? कुणाला दाखवलं नाही?"

उशाशी माझा मुलगा विशाल उभा होता. त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मी म्हणाले, "दाखवलं की. कंधारला पट्टी काढली. नॉर्मल आली."

हे साफ खोटं होतं. मरायला टेकलेली बाई खोटं कशाला बोलेल, असं तुम्हाला वाटेल. पण मी बोलले. ती लाज अजून गेली नाही, म्हणून हे सांगायला बसले.

मी कंधारला ब्लाउज शिवते. मालक गेल्यावर मशीनवरच दोन लेकरं वाढवली. चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी तर मला पाणी प्यायला फुरसत नसते, गल्लीतल्या सगळ्या बायांना पांढरे ब्लाउज त्याच दिवशी पाहिजेत. त्या सकाळी एकवीस ब्लाउज बाकी होते. बाही जोडता जोडता छातीच्या मधोमध कुणी इस्त्री टेकवल्यागत झालं. जबडा दुखायला लागला, मळमळलं, गार घाम सुटला. पित्त असंल म्हणून ओवा चावला. उन्हाळ्यात घाम कुणाला येत नाही?

तासाभरानंही कमी होईना, तेव्हा एकटीच जवळच्या दवाखान्यात गेले. विशाल त्याच्या मोबाइलच्या दुकानावर होता, उगाच कशाला त्याला घाबरवायचं! डॉक्टर यायला अवकाश होता. सिस्टरबाई सुट्टीवर होत्या. पट्टी काढायला होता प्रदीप.

प्रदीप आमच्याच गल्लीतला. आता बत्तीस वर्षांचा बाप्या झालाय, पण त्याचं पहिलं झबलं मी शिवलेलं. ईसीजी म्हणजे हृदयातून जी बारीक वीज फिरते तिचा आलेख. हातापायाला चिमटे लावतात आणि छातीवर, डाव्या बाजूला, सहा बटणं चिकटवतात. त्यासाठी छाती उघडी करावी लागते. दुसरा इलाज नाही.

"मावशी, हुक काढून पडा. मी पडद्याबाहेर थांबतो," तो म्हणाला.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. दबक्या आवाजात, पण दात खाऊन बोलले, "तुझ्या आईच्या वयाची बाई मी. मला हुक काढ म्हणायला लाज वाटत नाही का रे तुला?"

त्याचं तोंड एवढंसं झालं. "मावशी, बाहेर फरशी पुसणाऱ्या काकूला आत बोलावतो. वरून चादर टाकतो. पण पट्टी काढल्याबिगर जाऊ नका. घाम बघा किती सुटलाय."

"गॅस हाय. कमी झालाय."

तो फाटकापर्यंत मागं आला. विशालला फोन लावतो म्हणाला. "खबरदार घरी कळवलंस तर!" एवढं बोलून मी निघाले. वाटेत दोनदा ओट्यावर बसले. आयुष्यभर दुसऱ्या बायांच्या छातीची मापं घेतली मी, आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा हा माज.

घरी येऊन परत मशीनवर बसले. एक वाजता एका पांढऱ्या ब्लाउजवरच उलटी झाली आणि मी खाली कोसळले. शेजारणीनं विशालला बोलावलं. त्यानं गाडी केली आणि लोहा गावावरून नांदेड गाठलं.

तिथं ॲस्पिरिनची गोळी चावायला दिली, नसेतली रक्ताची गुठळी वाढू नये म्हणून. मग अँजिओग्राफी. मनगटातून बारीक नळी घालून हृदयाच्या नसा पडद्यावर बघतात. दुखत नाही फारसं, पण जीव टांगणीला लागतो. पुढची मोठी नस पार बुजलेली निघाली. लगेच अँजिओप्लास्टी केली, म्हणजे फुग्यानं वाट मोकळी करून तिथं स्टेंट, जाळीची छोटी नळी, बसवली. आणि एक गोष्ट त्या टेबलावर पडल्यावर कळली. त्या खोलीत पाच माणसं होती, तीन बाप्ये, आणि माझ्याकडं बाई म्हणून कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळ्यांचं लक्ष पडद्यावरच्या नसेवर.

दुसऱ्या दिवशी इको झाली, हृदयाची सोनोग्राफी. डॉक्टरांनी फायलीच्या पाठीवर चित्र काढून विशालला समजावलं. "हे चार कप्पे. वरचे दोन रक्त घेतात, खालचे दोन ढकलतात. खालचा डावा सगळ्या अंगाला रक्त पुरवतो. पण त्याला स्वतःलाही रक्त लागतं, ते या नसा देतात. नस बंद झाली की स्नायू मरायला लागतो. मेलेला परत उगवत नाही. आईचा हा पुढचा भाग दुबळा झालाय. सकाळीच आला असता तर बराच वाचला असता."

विशालचे डोळे लाल झाले. "आमच्या गल्लीतला प्रदीपच तिथं असतो, त्यानंच नॉर्मल सांगितलं, डॉक्टर. बघतोच मी त्याला."

तेव्हाच बोलायचं होतं. पण सांगू काय पोराला? की तुझ्या आईनं ब्लाउजच्या हुकापायी जीव धोक्यात घातला? वरून त्या गरिबाला नाही नाही ते बोलली? मी डोळे मिटून झोपल्याचं सोंग केलं.

पाचव्या दिवशी सुट्टी झाली. आरामाला लेकीकडं, लातूरला गेले. वैशालीनं मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. गोळ्या, बिनमिठाचं वरण, अंगणात दहा पावलं. जिना चढताना दम लागायचा, आणि प्रत्येक पायरीला प्रदीप आठवायचा.

तिथंच विशालचा फोन आला. आवाजात नुसता जोर. "आई, काढायला लावलं त्याला कामावरून! डॉक्टरांसमोर विचारलं, आईची पट्टी कुठंय दाखव. म्हणतो, काढायची राहून गेली. म्हणजे न काढताच नॉर्मल सांगितलं की गं तुला!"

राहून गेली? मी काढू दिली नाही असं का नाही म्हणाला तो? मी नुसतं "हाव" म्हणून फोन ठेवला. प्रदीपच्या घरात दोन लहान लेकरं आहेत, हे मला माहीत होतं. तरी चार दिवस गप्प बसले. हे चार दिवस मला त्या अटॅकपेक्षा जड गेले.

पाचव्या दिवशी भाजी निवडता निवडता वैशालीला सगळं सांगून टाकलं. ती रागावेल वाटलं होतं. ती म्हणाली, "आई, विशालला आत्ता सांग. माझ्यासमोर." सांगितलं. फोनवर ऐकून तो म्हणाला, "काय केलंस गं आई हे. मी चार माणसांत त्याची इज्जत काढली."

दुसऱ्या दिवशी गाडी करून कंधारच्या दवाखान्यात आले. डॉक्टर बसा म्हणाले, तरी उभ्यानंच बोलले. बाकड्यावर पेशंट बसले होते, त्यांना ऐकू जाईल असं बोलले. "पट्टी मीच काढू दिली नाही. प्रदीपनं हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते. नॉर्मल आली हे मी खोटं बोलले." मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण बोलले. डॉक्टरांनी तिथूनच प्रदीपला फोन लावून कामावर परत बोलावलं.

संध्याकाळी विशालला घेऊन प्रदीपच्या घरी गेले. विशालनं त्याचे हात धरले. प्रदीपच्या आईनं चहा टाकला, तिच्याकडं बघायचं मला धाडस होईना.

"खरं का नाही सांगितलंस रे बाबा?" मी विचारलं.

तो जमिनीकडं बघत म्हणाला, "तुम्ही मरणाच्या दारातून परत आलेल्या. तवा तुमच्या कापडाची गोष्ट चार माणसांत कशी काढू?"

माझी अब्रू त्यानं झाकली होती, आणि मी त्याची भाकरी घालवून बसले होते.

बायांनो, छाती, जबडा, पाठ, हात, कुठंही दाबल्यागत होऊन गार घाम सुटला, मळमळलं, दम लागला, तर पित्त पित्त करत बसू नका. घरच्यांना हाक मारा आणि पट्टी काढून घ्या. कोण काढतंय ते बघू नका. माझ्या हृदयाचा जो भाग गेला तो गेला. मी आता दिवसाला चारच ब्लाउज शिवते, दोन बादल्या पाणी उचलवत नाही.

कंधारच्या दवाखान्यात तपासणीला गेले तेव्हा पिशवीत सहा सुती अंगरखे नेले, पुढून नाडीचे, सैल. पट्टी काढायला येणाऱ्या बायांसाठी माझ्या हातचे. एक मीच घातला. पडद्याआड पडून नाड्या सोडल्या. लाज वाटलीच, खोटं कशाला बोलू.

पडद्यापलीकडून हळू आवाज आला, "मावशी, येऊ का? का काकूला बोलावू?"

"नको रे," मी म्हणाले. "तूच ये."