मावशींचं ‘व्हय?’

तळेगावात वाढलेल्या बाईला मावळी बोली कोणी शिकवायची, असा माझा तोरा होता. संकटात मदत वाटणाऱ्या संस्था लोकांचं खरंच ऐकतात की नुसते फोटो काढून जातात, हे बघायचं माझं काम. कित्येक वर्षं करते आणि मला ते मनापासून आवडतं. लोकांच्या बाजूने साहेबांना खडसवायला मिळतं, अजून काय पाहिजे!

त्या पावसाळ्यात तिकोणा पेठेच्या वरच्या अंगाला एका वाडीवर डोंगराची माती घसरली. माणसं वाचली, नशीब! पण पाच-सहा घरांची छपरं गेली आणि ती कुटुंबं शाळेत राहायला आली. एका संस्थेने छपरासाठी पत्रे द्यायचं कबूल केलं. ते ज्याचे त्याला पोचले का, हे विचारायला मला नेमलं. एवढ्या पावसात कोण जाणार, म्हणून मी घरीच चहाचा कप घेऊन बसले आणि एकेकाला फोन लावले.

यादीत एक मावशी होत्या. वय सत्तरीचं, सून आणि दोन नातींना घेऊन शाळेच्या वर्गात राहत होत्या.

“मावशी, पत्रे मिळाले ना?”

“व्हय?”

“बरं बरं,” म्हणत मी ‘होय’पुढे खूण केली आणि पुढचा नंबर लावला. काम कसं झटपट उरकलं म्हणून स्वतःवर खूशही झाले.

माझा एक हट्ट असतो. काम संपलं म्हणायच्या आधी यादी गावासमोर मोठ्याने वाचायची. त्यासाठी चार दिवसांनी, शुक्रवारी, मी वाडीवर गेले. शाळेच्या व्हरांड्यात माणसं जमली, संस्थेचे साहेब एकेक नाव वाचू लागले. मावशींचं नाव आलं. “पत्रे मिळाले,” साहेब म्हणाले.

मावशी ताडकन उठल्या. “कुटं मिळालं? फोनवर कोन बाई म्हनली पत्रं मिळालं. मी इचारलं, व्हय? तर तिनं फोनच ठिवला! मला वाटलं, आलं आसतील. चार दिस खाली रस्त्यावर जाऊन बघतीया. तुमच्या मानसाला इचारलं तर म्हनतो, मिळाल्यात, हितं लिवलंय. सोमवारी शाळा भरनार, वर्ग रिकामा करायचाय. पोरींना घिऊन मी जायाचं कुटं?”

मेलं, हे आपलंच काम! गप्प राहिले असते तर कोणाला कळलंही नसतं, आणि क्षणभर तसा मोह झालाच. पण अख्खी यादी मोठ्याने वाचायचा हट्ट माझाच होता ना!

“मावशी,” मी म्हटलं, “ती बाई मीच.”

“व्हय?” मावशी म्हणाल्या.

समोर उभं राहून ऐकल्यावर कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या ‘होय’ म्हणतच नव्हत्या. ‘खरं की काय?’ असं विचारत होत्या. त्या दिवशी फोनवरही त्यांनी हेच विचारलं होतं, आणि मी त्यांच्या प्रश्नालाच उत्तर समजून बसले होते.

साहेब कानाशी कुजबुजले, “मॅडम, हे आपण ऑफिसात बघू.”

“ऑफिसात कशाला? इथेच लिहा,” मी फटकारलं. मग खडू घेऊन मीच फळ्यावर लिहिलं: मावशींना पत्रे मिळाले नाहीत, चूक माझी, पत्रे उद्या येतील. मावशींनी थोरल्या नातीकडून ते दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचताना ‘चूक माझी’वर पोरीने जरा जास्तच जोर दिला आणि सगळा व्हरांडा हसला. मीही हसले. लाज वाटत होती, पण बरंही वाटत होतं.

शनिवारी पत्र्यांचा टेम्पो वाडीवर पोचल्याचं साहेबांनी कळवलं. माझा त्यावर विश्वास बसेना, पण मावशींना पुन्हा फोन करायची हिंमतही होईना.

रविवारी सकाळी त्यांचाच फोन आला.

“ताई, जरा थांबा हां.”

आणि मग धाड् धाड् धाड्! मावशी काठीने नवा पत्रा बडवत होत्या. मागून नाती खिदळत होत्या, सून “आवं आत्या, पुरं!” म्हणून ओरडत होती.

“आलं का ऐकू?” मावशी धापा टाकत म्हणाल्या. “आता लिवा, व्हय!”