भरलेले सिलिंडर आणि रिकामे काडतूस

महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस, सकाळचे साडेदहा. हजर: मी, बायको, सासूबाई आणि सिलिंडरवाला. पुरणाची डाळ अर्धी शिजली असताना गॅस संपला होता आणि एक वाजता बावीस माणसे जेवायला येणार होती, म्हणून मीच फोनवर विनवण्या करून त्याला हुडकेश्वरच्या आमच्या घरी बोलावले होते. आंबिलीच्या वासाने भरलेल्या बैठकीत तो खांद्यावर सिलिंडर घेऊन शिरला आणि माझ्या काचेच्या कपाटासमोर थबकला. आत लढाऊ विमानाच्या तोफेची सात जुनी काडतुसे ओळीने उभी होती, दारू काढलेली, प्रत्येकासमोर चिठ्ठी. भरलेले सिलिंडर त्याच कपाटाला टेकवून तो उलट्या पावली अंगणात गेला. "घरात बॉम्ब ठेवून राहिले तुम्ही! मले लहान लेकरं आहेत, भाऊ." मी एक काडतूस बाहेर नेले, त्याला पाडलेले भोक दाखवले, आत काडी फिरवली. "बघा, पूर्ण रिकामे आहे." "रिकामं आहे, तर मंग इतकं जपून काहून ठेवलं?" मी तोंड उघडले, तोच स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या, "बारा वर्षं झाली, मीबी जावईबापूले हेच विचारून राहिली." बायको म्हणाली, "उत्तर मागाहून द्या, आधी सिलिंडर आणा." ते मीच ओढत नेले, जोडले आणि पंगत सव्वा वाजता बसली. त्या संध्याकाळी मी संग्रहाच्या नोंदवहीत 'कशासाठी ठेवले' असा नवा रकाना आखला. आज काडतुसे अकरा झाली आहेत आणि रकाना भरायचा राहिला आहे.