उवांचं मडकं

मासा दगडाला अंग घासतो तेव्हा तो खेळत नसतो. हे मला एका भोयानं शिकवलं, आणि त्याच भोयाचं बिऱ्हाड माझ्यामुळं उठलं. ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही.

पोलीस ॲक्शनच्या आधी सहा-सात वर्षं मी जालन्याला एका जैन मारवाडी शेठजींच्या जिनिंगमध्ये मुन्शी होतो. आष्टीकडच्या शेतकऱ्याच्या घरचा, पण उर्दू चांगली होती, म्हणून सरकारी कागद लिहायला ठेवलेला. वय चोवीस. काळा कोट घालायचो, आणि त्या कोटाचा मला फार अभिमान होता.

शेठजींच्या बैठकीत काचेची मोठी पेटी होती आणि तिच्यात आठ तांबडे मासे. तालुकदारसाहेबांनी, म्हणजे निजाम सरकारच्या कलेक्टरांनी, ते हैदराबादेहून रेल्वेनं पत्र्याच्या डब्यात घालून पाठवले होते. साहेब दौऱ्यावर आले की चहा नंतर, आधी मासे. त्यामुळं मासे म्हणजे शेठजींची इभ्रत होती. त्यांची राखण करायला शेठजींनी तलावावरचा एक भोई आणला. पन्नाशीचा, कमी बोलणारा. विहिरीच्या पलीकडं सरकीच्या कोठाराला लागून त्याला खोली दिली. अट एकच : पुन्हा जाळं टाकायचं नाही. त्यानं जाळं खोलीतल्या खुंटीला अडकवलं ते अडकवलंच. त्याच्या बायकोच्या डोक्यावर जन्मात पहिल्यांदा पक्कं छप्पर आलं होतं. ती ती खोली दिवसातून दोनदा झाडायची.

हमाल त्याची चेष्टा करत. "काय मामा, माशे रोज मोजता का? एखादा कमी भरला तर?"

"मोजूनच खाऊन राह्यलो," तो म्हणायचा.

पावसाळा संपता संपता मासे अंग घासू लागले. भोयानं एक मासा ओल्या फडक्यात धरला आणि मला कल्ल्याजवळ बोट ठेवून दाखवलं. तिळाएवढं, चपटं, काचेसारखं काहीतरी चिकटलेलं होतं. नीट पाहिलं तर त्याला दोन काळे डोळे.

"ऊ हाय. माशाची ऊ. रक्त पिती."

मिठाच्या पाण्यात मासा थोडा वेळ धरायचा, उवा ढिल्या पडल्या की चिमट्यानं एकेक ओढायची. त्यानं पहिली ऊ काढली आणि नखावर ठेवून दाबणार, तोच शेठजी ओरडले, "अरे! जीव आहे तो!"

"शेठजी, ह्यो जीव त्या जिवाला खाऊन राह्यला."

"काढ तू. जल्दी काढ. पण मारू नको."

त्या घरात प्यायचं पाणी फडक्यातून गाळलं की फडक्यावर राहिलेले जीव टाकून देत नसत. फडकं उलटं करून, त्यावर पाणी घालून, ते भांडं दोरीनं अलगद विहिरीत उतरवत. ज्या पाण्याचा जीव, त्याच पाण्यात परत. उवांनाही तोच नियम लागला. मडक्यात गोळा करून विहिरीत सोडल्या.

तीन आठवड्यांनी पुन्हा उवा. भोयानं विचार केला आणि बैठकीच्या दारात येऊन उभा राहिला. "शेठजी, आपण त्याच विहिरीचं पाणी पेटीत भरतो. पाव्हण्याला म्होरल्या दारानं वाटं लावायचं आन् मागल्या दारानं घरात घ्यायचं, तसं चाललंय हे."

शेठजी हसले. म्हणाले, बराबर आहे, तलावात सोडा. पण भोयावर त्यांचा भरवसा नव्हता. वाटेत उन्हात ओतून मोकळा होईल, असं त्यांना वाटलं. "मुन्शीजी नेतील."

मी नेलं. एकदाच. लहान मडकं, तोंडाला पांढरं फडकं बांधलेलं, दोन्ही हातांत धरलेलं, आणि मी पाण्याकडं निघालेलो. बाजारातून जाताना एका म्हाताऱ्या दुकानदारानं गादीवरून उठून हात जोडले. पुढं हॉटेलाच्या बाकावरून एकानं विचारलं, "कोण गेलं हो, मुन्शीजी?"

"कोणी नाही. उवा आहेत," मी म्हणालो.

बाकावरचे सगळे हसत सुटले. "उवांच्या अस्थी! मंग दहावा कधी? जेवायला बोलवा!" तलावापर्यंत ते हसू माझ्या पाठीला लागलेलं होतं. कचेरीत मला सलाम करणारे दोघे त्यात होते.

पुढच्या खेपेला मी मागच्या फाटकानं बाहेर पडलो, भिंतीला वळसा घातला आणि कोणी नाही असं बघून मडकं विहिरीत उतरवलं. जीव तर वाचले, असं मनाशी म्हणालो. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. तिसऱ्यांदा तर मी वळसाही घातला नाही.

मासे मरू लागले. आधी एक, मग एकाच दिवशी दोन. भोई वेडापिसा झाला. त्यानं मासे हंड्यात काढून ठेवले आणि पेटी रिकामी करून चार दिवस उन्हात वाळवली. काचेवर चिकटलेल्या उवांच्या अंड्यांच्या पट्ट्या सुरीनं खरवडून काढल्या, दगड उकळत्या पाण्यातून काढले. पुन्हा विहिरीचं पाणी भरलं, आणि आठ-दहा दिवसांत मासे पुन्हा अंग घासू लागले.

"सगळं करून झालं, मुन्शीजी," तो माझ्या मेजाशी येऊन म्हणाला. "मंग ह्या येऊन कुठून राह्यल्या?"

मी कागदावर पुढची ओळ लिहायला घेतली.

त्यातच तालुकदारसाहेबांच्या दौऱ्याचा कागद आला. तो मीच शेठजींना वाचून दाखवला. पंधरा दिवस उरले होते आणि मासे पाच. शेठजींनी भोयाला बोलावलं.

"खरं सांग. तलावावर जातोस ना? जाळं टाकतोस आणि तेच हात इथं घालतोस."

"न्हाई शेठजी. जाळं खुंटीला हाय. कोरडं ठणठणीत. हात लावून बघा."

कोणी बघायला गेलं नाही. शेठजी माझ्याकडं वळले. ते सरळ माणूस होते, विचारलं तेही सरळ. "मुन्शीजी, मडकं तुम्ही तलावातच सोडता ना?"

भोई माझ्याकडं बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता, नुसती वाट पाहणं होतं. मी खरं बोललो असतो तर माझी नोकरी कदाचित गेली असती, कदाचित नसतीही. पण खरं बोलायला मला हॉटेलातलं ते हसू शेठजींना सांगावं लागलं असतं.

"बिलकुल, शेठजी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोयानं खोली सोडली. त्याच्या बायकोनं निघायच्या आधी ती झाडली. भोई जाळं खांद्यावर टाकून माझ्यापाशी आला. मला वाटलं, आता हा चार लोकांत बोलणार.

"आता तुम्हालाच बघावं लागंल," तो हळू आवाजात म्हणाला. "मीठ मूठभरच घाला, जास्त न्हाई. मासा कलंडला की लगेच चांगल्या पाण्यात सोडा. पेटी वाळवत जा. नवा मासा आला तर महिनाभर येगळा ठेवा. आन् ह्या विहिरीचं पाणी घेऊ नका. विहिरीत बारकी मासळी हाय, तिच्या अंगावर उवा ऱ्हातात. पलीकडच्या आडाचं आणा."

मडकं तलावात जात असताना विहिरीत अजून उवा कशा, हे त्यानं विचारलं नाही. म्हणजे त्याला ठाऊक होतं.

त्यानं सांगितल्यासारखं मी सगळं केलं. आडाचं पाणी आणलं, मडकं दर वेळी तलावावर नेलं. उवा हटल्या. तालुकदारसाहेब आले, पाच मासे पाहून खूश झाले. ते गेल्यावर शेठजींना सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पण शेठजीच आधी म्हणाले, "पाहिलंत मुन्शीजी? भोई गेला आणि रोग गेला."

माझ्या प्रामाणिक कामानं त्याचा गुन्हा शाबीत झाला होता. माशांवर लक्ष ठेवायला जवळ असावं म्हणून शेठजींनी ती खोली मला दिली.

त्यानंतर एकदा मडकं घेऊन गेलो तेव्हा भोई काठावर जाळं दुरुस्त करत बसलेला दिसला. मागं गोणपाटाचा आडोसा, त्यात त्याची बायको. शेजारच्या कोणीतरी माझ्याकडं बघून हात जोडले आणि विचारलं, "कोण गेलं?"

"कोणी न्हाई गेलं," माझ्याआधी भोईच बोलला. "उवा हायेत." मग मला म्हणाला, "मुन्शीजी, जरा वरच्या अंगाला सोडा. हितं आमचं जाळं असतंय."

"मामा..." मी म्हणालो.

"जा, ऊन चढून राह्यलं. मडकं तापंल," तो म्हणाला आणि जाळ्याकडं वळला.

मी वरच्या अंगाला गेलो. शेठजी वारले तोवर, म्हणजे पुढची सहा वर्षं, मी त्या खोलीत राहिलो. भिंतीत जाळ्याची खुंटी तशीच होती. तिला मी माझा कोट अडकवायचो.