रमजानची रजा आणि मोझेलची वाइन

अंकलसमोर काहीही ठेवा, चहा, पाणी, लिंबाचं सरबत, ते पेला आधी बुडाशी धरायचे, गोल फिरवायचे आणि नाक आत घालायचे. मग म्हणायचे, "आधी नाक, बाय. जीभ कुठे पळून जात नाही." त्या फिरवण्यात माझ्या टेबलावर चहा सांडायचा. एकदा तर एका गिऱ्हाइकाच्या पासपोर्टावर सांडला. मी टिश्यूने टिपत बसले आणि ते शांतपणे म्हणाले की चहात वेलची जुनी आहे.

बहरीनच्या जुन्या बाजारात, बाब अल बहरीनच्या वेशीमागच्या गल्लीत, सोन्याच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर, एका लहानशा ट्रॅव्हल एजन्सीत मी काम करते. माझं माहेर दापोलीजवळचं. आमची गिऱ्हाइकं म्हणजे सुट्टीत गावी जाणारी आणि उमराहच्या यात्रेला जाणारी. जर्मनीत वाइन चाखायला जायचंय म्हणणारा माणूस इतक्या वर्षांत हा एकच. आणि तो येऊन बसायचा तो माझ्यापुढे, जिने वाइनची बाटली कधी हातातही धरलेली नाही. कारण सरळ होतं. त्यांना मराठीत बोलायचं असायचं.

ते वसईचे. झल्लाकला समुद्राकाठच्या एका हॉटेलात, रेस्टॉरंटमध्ये वाइन वाढायचं काम करायचे. साठीच्या आसपासचे, केस काळेभोर रंगवलेले, ड्यूटी नसतानाही बूट चकाचक. मी त्यांना अंकल म्हणायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी सांगून टाकलं की ते स्वतः दारू पीत नाहीत. वाइन चाखतात, तोंडात घोळवतात आणि थुंकतात. धंद्याची रीतच तशी असते म्हणे. मी विचारलं, मग एवढ्या लांब जायचं ते थुंकायला? त्यांना राग आला नाही. ते म्हणाले, "अगं, मोझेल नदीकाठच्या त्या डोंगरांची चित्रं बाटल्यांवर बघून माझं आयुष्य गेलं. गिऱ्हाइकांना मी त्या गावांची नावं सांगतो. जाऊन आलेल्यासारखी सांगतो. एकदा खरोखर बघू दे की."

मला वाटलं, सोपं काम आहे. फ्रँकफर्टचं विमान, तिथून रेल्वेने कोब्लेंझ, पुढे नदीकाठची दोन-तीन गावं. मी दुपारभरात सगळं मांडून दिलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ धरून वाचलं आणि म्हणाले की फक्त पहिलं गाव बदल, बाकी उत्तम. दुसऱ्या वेळी फक्त दुसरं गाव. मग नदीच्या डाव्या काठाऐवजी उजवा काठ, कारण ऊन कुठल्या उतारावर पडतं त्यावर म्हणे सगळं अवलंबून असतं. मी त्यांना सांगायचे की अंकल, रेल्वे ज्या काठाने जाते त्याच काठाने जाणार. ते मान डोलवायचे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा उजवा काठ घेऊन यायचे.

पण खरा वैताग रजेचा होता. द्राक्षं काढतात सप्टेंबर-ऑक्टोबरात, आणि त्याच वेळी इथे उन्हाळा उतरून हॉटेलात गर्दी सुरू होते. मॅनेजरने रजा नाकारली. पुढे नाताळ, मग नवं वर्ष, मग लग्नांचा मोसम. उन्हाळ्यात रजा मिळाली, तर व्हिसासाठी अपॉइंटमेंट मिळेना. मी रोज सकाळी संगणक उघडून तारखा बघायचे आणि रोज तेच, एकही जागा नाही. त्यांचा फोन आला की मी म्हणायचे, होईल, इंशाल्ला. एकदा ते चिडून म्हणाले, "बाय, तुझं इंशाल्ला म्हणजे होणार नाही, असंच ना?" मला हसू आलं, पण त्यांच्या आवाजात हसू नव्हतं.

शेवटी रजा मिळाली ती रमजानची. तुम्ही इथे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक आहे, रमजानमध्ये हॉटेलांत दारू बंद असते. मग वाइन वाढणाऱ्याला ठेवून करायचं काय? मॅनेजर म्हणाला, जा आता, हवे तितके दिवस जा. रमजान आला होता फेब्रुवारीत. मी तिथल्या मळेवाल्यांना मेल पाठवल्या आणि एकेक उत्तर येऊ लागलं. ईस्टरपर्यंत बंद. आम्हीच सुट्टीवर आहोत. वेलींना एक पानही नाही, काय बघणार? मी सगळं त्यांना मराठीत वाचून दाखवलं. ते म्हणाले, "काटक्या असतील तर काटक्या बघू." फक्त एका बाईचं उत्तर वेगळं होतं. ती वेलींच्या छाटणीसाठी मळ्यातच असते, आलात तर एखादी बाटली उघडीन, असं तिने लिहिलं होतं. मी तेवढ्यावर बुकिंग करायला घेतलं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात त्यांची बायको आली. आंटी इथल्या एका हॉस्पिटलात नर्स होत्या. ड्यूटीवरून थेट आल्या होत्या, पायांना सूज होती. खुर्चीवर टेकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या की हे तिकीट काढू नकोस. त्यांचे सासरे दारूने गेले होते. लग्नाआधी त्यांनी नवऱ्याकडून शब्द घेतला होता, आणि त्याने तो पाळला होता, तेही बाटल्यांच्या गराड्यात उभं राहून. "इथे तो घरी येतो, मी त्याच्या तोंडाचा वास घेते," त्या म्हणाल्या. "रोज घेते. त्याला माहीत आहे. तिथे कोण घेणार?"

मला रोजा होता, डोकं दुखत होतं, आणि महिनोन्‌महिन्यांची मेहनत समोर वाया जाताना दिसत होती. मी जरा तुटकच बोलले. म्हटलं, आंटी, मी हॉटेलची खोली पक्की करू शकते, नवऱ्याची हमी नाही देऊ शकत. मग त्यांनी विचारलं, माझंही तिकीट निघेल का.

म्हणजे आता दोघांसाठी अपॉइंटमेंट, वर त्यांच्या हॉस्पिटलची रजा, पुन्हा तारखा. दुसऱ्या दिवशी दोघं माझ्यासमोर बसून भांडले. ते म्हणत होते की तू शेजारी असलीस तर मला वाइन चाखण्याऐवजी चर्चमध्ये कबुलीजबाब दिल्यासारखं वाटेल. त्या म्हणत होत्या, मग दे कबुलीजबाब, मी काही फादरना सांगणार नाही. मी मधे पडले नाही. संगणकाकडे बघत राहिले, आणि कुणाच्या तरी रद्द झालेल्या अपॉइंटमेंटच्या दोन जागा अचानक पडद्यावर आल्या. भांडण चालू असतानाच मी त्या धरल्या.

व्हिसा आला तेव्हा रमजान अर्धा सरला होता. दोघं गेले. तिथे पोचल्यावर त्यांचा फोन आला तो इफ्तारच्या जरा आधी, मी खजुरांच्या बिया काढत असताना. धो-धो पाऊस, गावातली सगळी दारं बंद, खोलीतला हीटर बिघडलेला, आणि नदी एवढी फुगलेली की उजव्या काठाला जाणारी बोटही बंद. जणू पाऊस मीच बुक केला होता, अशा सुरात ते बोलत होते. मीही वैतागून म्हटलं, अंकल, मी सांगितलं होतं. मग बांग झाली आणि मी फोन ठेवला. खजूर त्या दिवशी गोड लागला नाही.

परत आल्यावर दोघं एजन्सीत आले. त्या मळेवालीने खरोखरच बाटल्या उघडल्या होत्या, स्वतःच्या स्वयंपाकघरात, चिखलाचे बूट दाराशी काढून. आधी तिने त्यांना उतारावर नेलं होतं. एकेका खांबाला एकेक वेल, दोन फांद्या वाकवून बदामाच्या आकारात बांधलेली, आणि खाली नुसते काळे दगड. अंकलनी तिला गावाचं नाव सांगून आपण ते कसं प्रसिद्ध केलंय हे सांगितलं, तर तिला ते नाव कळेचना. इतकी वर्षं ते चुकीचं म्हणत आले होते. ही गोष्ट आंटींनी सांगितली, तेव्हा ते खिडकीबाहेर बघत होते.

आंटींनी मात्र आपला पेला संपवला होता. "आंबट आहे," त्या म्हणाल्या, "पण बरी आहे. मी परत मागितली." एवढं सांगून त्या खाली बांगड्या बघायला गेल्या.

मी अंकलना विचारलं, तुम्ही? एक घोटही नाही?

त्यांनी हातातला चहाचा पेला टेबलावर ठेवला. "तोंडात होती. गिळायचीच होती, खोटं कशाला बोलू? बघतो तर हिने मान वळवलेली. भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती, जर्मन भाषेतलं. मुद्दाम, कळलं ना? मला मोकळं सोडलं होतं तिने." त्यांनी पेला पुन्हा बुडाशी धरला. "मग कसली गिळतो? थुंकली."

त्यानंतर वर्षही पुरतं सरलं नव्हतं. हॉटेल नव्याने बांधायचं म्हणून बंद झालं आणि जुन्या माणसांना घरी पाठवलं. अंकल एका सकाळी आले, दाढी केलेली, बूट चकाचक. मुंबईची दोन तिकिटं हवी होती, जाण्याची फक्त. मला वाटलं, आता नेहमीसारखे तारीख बदलतील, विमान बदलतील, खिडकीची जागा की मधल्या वाटेकडची यावर घोळ घालतील. मी त्यासाठी तयारही होते, मनातून वाटच बघत होते. त्यांनी मी दाखवलेलं पहिलंच विमान घेतलं. जागा भरपूर होत्या, व्हिसा नको, अपॉइंटमेंट नको. चहा मागवेपर्यंत तिकिटं छापून झाली होती.

मी कागदांची सावकाश घडी घातली, ते पाकिटात घातले, पुन्हा बाहेर काढून नावांची स्पेलिंग तपासली. सगळं बरोबर होतं. ते उठले, आंटींचे गुडघे दुखतात म्हणून विमानतळावर चाकाची खुर्ची मिळेल का, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मिळेल. जिना उतरताना त्यांच्या बुटांचा आवाज येत होता. मी खिडकीशी गेले, पण खाली सोन्याच्या दुकानांसमोर एवढी गर्दी होती की ते कुठल्या बाजूला वळले, ते मला दिसलं नाही.